दोन मिनिटांच्या भेटीसाठी

फिरतीच्या नोकऱ्या अनेक आहेत. विम्याचा विकास अधिकारी फिरतो, बियाणे कंपनीचा माणूस फिरतो, बँकेचा तपासनीस फिरतो. तरीही ‘तो फिरतीवर असतो’ असे कोणाबद्दल ऐकले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा औषध कंपनीचा प्रतिनिधी येतो. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खांद्यावर जड काळी बॅग आणि दवाखान्यातल्या बाकाच्या टोकाला अवघडून बसण्याची सवय. त्याचे अधिकृत पदनाम काहीही असो, गावोगावी त्याला ‘एमआर’ म्हणूनच ओळखतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची जाहिरात सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय जनतेपुढे करता येत नाही. त्यामुळे अशा औषधाची माहिती डॉक्टरपर्यंत पोहोचवायला कंपनीला आजही माणूसच लागतो. डॉक्टरला भेटणे, औषध लिहून दिले जाईल असे पाहणे आणि लिहून दिलेले औषध दुकानात मिळेल याची तजवीज करणे, एवढा या कामाचा आवाका.

या नोकरीचा भूगोल तीन शब्दांत बसतो: हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन. प्रतिनिधी जिथे राहतो ते शहर हेडक्वार्टर. सकाळी जाऊन रात्री घरी परतता येते ते एक्स-स्टेशन, आणि जिथे मुक्काम करावा लागतो ते आउटस्टेशन. सोलापूर हेडक्वार्टर असलेल्या प्रतिनिधीचे उदाहरण घेतले तर अक्कलकोट सुमारे 40 किलोमीटरवर, तुळजापूर 45 वर, बार्शी आणि पंढरपूर दोन्ही सत्तरीच्या आसपास. ही सगळी एक्स-स्टेशने. लातूरकडची लाइन दिली असेल तर तिथे मुक्काम. तिन्हींचा दैनिक भत्ता वेगळा असतो. प्रवासखर्च कंपनीने ठरवलेल्या भाड्याच्या तक्त्यानुसार किलोमीटरवर मिळतो. तक्त्यात गावे आणि अंतरे पक्की छापलेली असतात. रस्त्याचे काम निघाले आणि दहा किलोमीटरचा वळसा पडला तरी तक्ता वळत नाही.

या हिशेबातली एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. प्रवासाचे पैसे मिळतात आणि भेटींची मोजदाद होते; पण या दोहोंच्या मधला जो वेळ जातो, त्याला कोणत्याच तक्त्यात रकाना नाही. फिरतीच्या दिवसाचा सर्वांत मोठा हिस्सा मात्र तोच असतो. बाहेरच्याला वाटते की हा माणूस सतत प्रवासात आहे. प्रत्यक्षात तो सतत कोणाची तरी वाट बघत असतो, आणि नोकरीतले निम्मे कसब ते नीट करण्यातच असते.

महिन्याची सुरुवात टूर प्रोग्रॅमने होते. पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला कोणत्या गावी जाणार, कोणत्या डॉक्टरांना भेटणार आणि साहेब, म्हणजे एरिया मॅनेजर, कोणत्या दिवशी बरोबर असणार, हे चालू महिना संपायच्या आत मंजूर करून घ्यावे लागते. कार्यालयात बसून पाहिले तर हे कॅलेंडरमधले चौकोन भरणे आहे. सोलापूर जिल्ह्यात मात्र त्यासाठी पंचांगही उघडावे लागते. अक्कलकोटला गुरुवारी स्वामी समर्थांच्या दर्शनाची गर्दी. त्या दिवशी गाडी लावायला जागा नाही आणि लॉजचे दर चढलेले. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळलेली बरी. तालुक्याच्या ठिकाणी आठवडी बाजार असेल त्या दिवशी खेड्यापाड्यांतले पेशंट बाजाराबरोबरच दवाखान्याचे कामही उरकून जातात, त्यामुळे बाकावर जागा मिळण्याची आशा सोडावी. आषाढीला तर पंढरपूर टूर प्रोग्रॅममधून आपोआप वगळले जाते. त्या आठवड्यात एसटी महामंडळ राज्यभरातून पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा पाच हजारांच्या घरात गेला आहे. या गाड्या राज्यातल्या ठिकठिकाणच्या आगारांतूनच काढलेल्या असतात, त्यामुळे पंढरपूरला न जाणाऱ्या प्रतिनिधीचीही नेहमीची साडेसातची बस त्या दिवसांत येईलच असे नाही.

एसटीवरची ही भिस्त किती मोठी आहे ते 2021 च्या ऑक्टोबर-अखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात कळले. तोपर्यंत ज्यांनी मोटारसायकल फक्त हेडक्वार्टरपुरती ठेवली होती, तेही सत्तर-सत्तर किलोमीटर दुचाकीवर जाऊ लागले. संप मिटल्यावर त्यातले बरेच परत बसकडे वळले नाहीत. दुचाकीने वेळ आपल्या हातात राहतो. बदल्यात पाठ जाते. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर असताना हेल्मेट, पाठीवर बॅग आणि गळ्यात टाय अशा अवतारात जायचे म्हणजे शिक्षाच. म्हणून टाय गाठ न सोडता, नुसता सैल करून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलेला असतो. दवाखान्याच्या जिन्यात तो डोक्यावरून आत घालायचा, गाठ वर सरकवायची, रुमालाने तोंड पुसायचे आणि मग दार ढकलायचे. काही कंपन्यांनी टायची सक्ती आता सोडली आहे. ज्यांनी सोडली नाही त्यांच्या धोरणकर्त्यांनी एकदा तरी मे महिन्यात बार्शी रोडने दुचाकीवर जाऊन यावे.

कामाचा गाभा म्हणजे ओपीडीबाहेरची ती बैठक. बार्शीसारख्या गावात सकाळची ओपीडी दहाच्या सुमारास सुरू होऊन दोनपर्यंत चालते. प्रतिनिधी पोहोचतो तेव्हा दारावरची पाटी आधी वाचतो: ‘एमआर भेट: बुधवार, दुपारी 1.30 ते 2’, ‘दिवसाला फक्त पाच एमआर’ किंवा नुसतेच ‘आज एमआर नाहीत’. पाटीखाली टेबलाशी बसलेली व्यक्ती या क्षेत्रात डॉक्टरइतकीच महत्त्वाची. तिला कंपाउंडर म्हणा, रिसेप्शनिस्ट म्हणा किंवा मावशी. डॉक्टर राउंडला आहेत की जेवायला गेले, मूड कसा आहे, आज भेट होईल की नाही, हे फक्त तिलाच माहीत असते. प्रतिनिधी आपले कार्ड टेबलावर ठेवतो. कार्डे आल्या क्रमाने एकावर एक पडतात आणि त्यांच्यावर पेपरवेट म्हणून बहुधा कुठल्यातरी कंपनीनेच दिलेली वस्तू असते.

इथे एक अलिखित शिस्त चालते. ‘दोन पेशंटमागे एक एमआर’ हा सर्वांत रूढ नियम. खुर्च्या कमी असतील तर प्रतिनिधीने उभे राहायचे. अपघाताचा किंवा अत्यवस्थ पेशंट आला की सगळ्यांनी काही न बोलता व्हरांड्यात जायचे आणि अर्ध्या तासाने परत आल्यावरही जुना क्रम तसाच मानायचा. ज्याचा साहेब बरोबर असेल त्याला पुढे सोडायचे, कारण ही पाळी उद्या प्रत्येकावर येणार असते. तीन तास ताटकळलेल्या पेशंटच्या नातेवाइकाने ‘आम्ही सकाळपासून बसलोय आणि हे टायवाले मधेच कसे?’ असे विचारले तर उत्तर द्यायचे नाही. त्या प्रश्नाला उत्तर नसतेही. नातेवाइकाचे म्हणणे रास्तच असते.

मग दार उघडते. आत मिळणारा वेळ मिनिटा-दोन मिनिटांचा. टेबलावर रक्तदाबाचे यंत्र, बाजूला पुढच्या पेशंटचे कागद, डॉक्टरांचे डोळे अर्धे मोबाइलवर. प्रतिनिधी बसत नाही. पूर्वी तो चकचकीत चित्रांची घडीची पुस्तिका एका हातावर उघडून दुसऱ्या हातातल्या पेनाने एकेका मुद्द्यावर टेकवत बोलायचा. आता तेच टॅब्लेटवर होते. पहिल्या औषधासाठी अर्धा-पाऊण मिनिट: नाव, घटक, मात्रा, गोळीची किंमत आणि दुसऱ्या कंपनीच्या गोळीपेक्षा ही का बरी. दुसऱ्याला त्याच्या निम्मा वेळ. तिसऱ्याचे नुसते नाव आणि ‘लक्षात असू द्या, सर’. डॉक्टरने मान वर करून ‘ही जेवणाआधी की नंतर?’ एवढे विचारले तरी भेट चांगली झाली असे समजतात. ‘ठीक आहे’ म्हणजे जा. ‘बघतो’ म्हणजेही जाच, पण पुढच्या महिन्यात ये. प्रतिनिधीला बहुतेक डॉक्टर कंपनीच्याच नावाने हाक मारतात आणि बाहेरच्या बाकावर प्रतिनिधीही एकमेकांना तसेच हाकारतात. वर्षानुवर्षे शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांची आडनावे माहीत नसणे यात कोणाला नवल वाटत नाही.

अशा दहा-बारा भेटी झाल्या म्हणजे दिवसाचा कोटा पुरा, असा साधारण हिशेब. तेवढ्या मिळून बोलणे अर्धा तासही होत नाही.

बाकावर बसणाऱ्यांचे आपसांतले नाते बाहेरून पाहणाऱ्याला चक्रावून टाकते. एकाच आजारावरची, एकाच घटकाची, जवळपास सारख्याच किमतीची गोळी विकणारे दोघे एकाच मोटारसायकलवरून गावात येतात. एकाला आत उशीर झाला तर दुसरा त्याची बॅग सांभाळतो. नवख्याला कोणते डॉक्टर तापट, कोणते दुपारी झोपतात आणि कोणाकडे चप्पल बाहेर काढावी लागते हे पढवणारा बहुधा स्पर्धक कंपनीचाच असतो. पूर्वी ही माहिती एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये चहावर मिळायची. आता गावागणिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. ‘डॉ. साहेब पुण्याला कॉन्फरन्सला, सोमवारपर्यंत नाहीत’ अशा एका ओळीने दहा जणांचा प्रवास वाचतो. हे औदार्य उगाच आलेले नाही. एखाद्याला आज मिळालेली माहिती दुसऱ्याला देण्यात तोटा नसतो, कारण दोन मिनिटांत डॉक्टरचे मन वळवण्याची संधी प्रत्येकाला वेगळीच मिळते. आणि परक्या गावात पंक्चर झाले किंवा ताप आला तर कंपनी दूर असते, बाकावरचा शेजारी जवळ असतो.

डॉक्टरांची भेट संपली की मोर्चा औषधाच्या दुकानाकडे. गर्दी ओसरल्यावर काउंटरच्या कडेला उभे राहून दुकानदाराशी बोलण्याचे हे काम वरकरणी गप्पांसारखे दिसते. खरे तर ती पडताळणी असते. कोणत्या डॉक्टरने काय लिहिले, आपल्या कंपनीच्या पट्ट्या किती गेल्या आणि समोरच्या कंपनीच्या किती, हे इथे कळते. डॉक्टर तोंडावर ‘लिहितो की’ म्हणतात. दुकानदार मात्र फडताळाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘तुमचा माल पडून आहे, आधी एक्स्पायरीचा घेऊन जा.’ त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला: ‘स्कीम काय?’ दहावर एक फुकट की पाचवर एक, यावर घासाघीस होते. दुकानदाराला माल देणारा घाऊक विक्रेता म्हणजे स्टॉकिस्ट. पुण्यात सदाशिव पेठ, नाशकात गोळे कॉलनी अशा या घाऊक औषधबाजाराच्या प्रसिद्ध जागा आहेत. महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत प्रतिनिधी डॉक्टरांपेक्षा स्टॉकिस्टकडेच जास्त सापडतो. टार्गेट भरायला कमी पडत असेल तर ‘एवढी वीस पेटी उचला, पुढच्या महिन्यात बघू’ अशी गळ घातली जाते. उचललेला माल खपला नाही की तो पुढे एक्स्पायरी होऊन परत येतो आणि त्याच प्रतिनिधीच्या आकड्यांतून वजा होतो. ही साखळी सगळ्यांना ठाऊक असते आणि महिन्याच्या तीस तारखेला सगळे ती विसरतात.

दुपारी दोन ते साडेपाच हा फिरतीतला सर्वांत अवघड काळ. सकाळची ओपीडी संपलेली, संध्याकाळची सहाला सुरू होणार. तालुक्याच्या गावात डॉक्टरांचे घर बहुधा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर असते आणि त्या वेळी घंटा वाजवण्याची कोणाची प्राज्ञा नसते. हेडक्वार्टरचा माणूस घरी जाऊन जेवतो. एक्स-स्टेशनवाल्याने जायचे कुठे? खानावळीत थाळी झाली की एक तास गेला. सोलापूर भागात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एखादी रस्सा भाजी असे जेवण ठिकठिकाणी मिळते, आणि घरच्या डब्यापेक्षा तिखट असले तरी हॉटेलातल्या तेलकट भाजीपेक्षा ते बरे. तरीही वर्षानुवर्षे अवेळी आणि बाहेर जेवून आम्लपित्ताचा त्रास मागे लागतो. प्रतिनिधीच्या बॅगेत आम्लपित्तावरच्या गोळ्यांची नमुना-पाकिटे असतातच. त्यातले एखादे डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही.

जेवणानंतरचे दोन-अडीच तास काढण्याचे पर्याय थोडे. एसटी स्टँडवरचा पंखा चालू असलेला बाक, ओळखीच्या दुकानदाराच्या गोदामातली खुर्ची, नगर वाचनालय उघडे असेल तर तिथला वृत्तपत्रांचा कक्ष, देवळाचा सभामंडप. एकपडदा चित्रपटगृहे चालू होती तेव्हा दुपारचा खेळ हा या मंडळींचा हक्काचा विसावा होता; चित्रपट पाहण्यापेक्षा वातानुकूलित अंधारात डुलकी काढायला लोक जात. तालुक्याच्या गावांतली अशी बरीचशी थिएटरे आता बंद पडली आहेत. या वेळात दिवसाचा अहवाल भरला जातो, घरी फोन होतो आणि नोकरी बदलण्याच्या योजना आखल्या जातात. त्यातल्या बहुतेक संध्याकाळच्या ओपीडीबरोबर संपतात.

स्त्री प्रतिनिधींसाठी हाच वेळ आणखी खडतर असतो. या क्षेत्रात स्त्रिया आल्या त्या प्रामुख्याने मोठ्या शहरांत. तालुक्यांच्या फिरतीवर त्यांची संख्या अजून कमीच. स्टँडच्या बाकावर किंवा वखारीत दोन तास बसणे पुरुषाला जेवढे सोपे तेवढे स्त्रीला नाही. त्याहून मोठा प्रश्न स्वच्छतागृहाचा. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची अवस्था पाहून अनेक जणी दिवसभर पाणीच कमी पितात, आणि उन्हाळ्यात त्याचे परिणाम भोगतात. ओळखीचे मोठे हॉस्पिटल हाच त्यांचा आधार असतो, त्यामुळे दिवसाचा मार्ग कधीकधी डॉक्टरांच्या वेळेपेक्षा अशा जागांवरून ठरतो. संध्याकाळची ओपीडी नऊ-साडेनऊपर्यंत चालते आणि परतीची शेवटची बस त्याआधी सुटते. कंपनीच्या टूर प्रोग्रॅमच्या साच्यात या दोन्ही गोष्टींचा विचार क्वचितच दिसतो, आणि हा साचा कोणी आखला असेल ते यावरून ओळखता येते.

मुक्कामाच्या गावी रात्र लॉजवर. फिरतीवाल्यांचे लॉज पाटीवरून नाही, तर बाहेर उभ्या असलेल्या दुचाक्यांवरून आणि रिसेप्शनमागच्या खिळ्यांवर टांगलेल्या पितळी बिल्ल्याच्या किल्ल्यांवरून ओळखू येते. नेहमीच्या माणसाला ‘कंपनी रेट’ लागतो. आधार कार्डाची झेरॉक्स दिली, वहीत ‘कोठून आले – कोठे जाणार’ भरले की खोली मिळते. ‘गरम पाणी सकाळी 6 ते 8’ ही सूचना भिंतीवर असते. पण साडेसातला पाणी कोमट झालेले असते हे अनुभवी माणसाला ठाऊक, म्हणून तो सहालाच बादली लावतो. खोली निवडताना तो तीन गोष्टी पाहतो: पलंगाजवळ चार्जिंगचा प्लग आहे का, खोली रस्त्याच्या बाजूला तर नाही ना, आणि गिझर आहे की बादली. चादर पाहून काही उपयोग नसतो. रात्री मळलेला शर्ट धुऊन पंख्याखाली वाळत घालणे, सकाळी तो अर्धा ओला निघणे आणि इस्त्रीवाल्याच्या दुकानी थांबून अंगावर घालायचा शर्ट कडक करून घेणे, हा पावसाळ्यातल्या फिरतीचा ठरलेला कार्यक्रम.

पैसे वाचवायला दोन कंपन्यांचे प्रतिनिधी एका खोलीत राहतात आणि दोघांनाही वेगवेगळे बिल हवे असते. ‘बिल किती लिहू?’ हा लॉजवाल्याचा प्रश्न फिरतीच्या जगात कोणाला गैर वाटत नसे. कंपनीने ठरवलेला मुक्काम-भत्ता आणि गावातला खरा दर यांचा मेळ बसत नाही, तेव्हा ही तडजोड जन्माला येते. भत्ता अपुरा पडला तर स्वतःच्या खिशातून भरायचे आणि चार पैसे उरले तर मागची तूट भरून काढायची. ऑनलाइन पेमेंट आणि जीएसटीच्या बिलांनी याला बराच आळा बसला. हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना जुलै 2022 पर्यंत जीएसटी नव्हता, त्यामुळे लहान लॉजच्या हाती लिहिलेल्या पावत्या तोवर सर्रास चालत. त्यानंतर या खोल्याही कराच्या कक्षेत आल्या आणि अनेक कंपन्यांनी बिलाऐवजी ठोक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली.

खर्चाचे पत्रक हा महिन्याचा शेवटचा कागद. भाड्याच्या तक्त्यातले किलोमीटर, दैनिक भत्ते, मोबाइल आणि किरकोळ खर्च एकत्र करून ते वर जाते; तिथून काही ओळी लाल होऊन परत येतात. पैसे आधी आपले घालायचे आणि पुढच्या महिन्यात मिळवायचे, या पद्धतीमुळे नव्या मुलाचे पहिले दोन-तीन महिने उधारीवर जातात. पगारातून घर चालते आणि फिरती उसनवारीवर. नोकरी सोडणाऱ्यांपैकी अनेक जण याच काळात सोडतात.

साहेबांबरोबरचा दिवस मात्र वेगळाच उजाडतो. एरिया मॅनेजर महिन्यातले काही दिवस प्रत्येक प्रतिनिधीबरोबर काम करतो. त्याला स्टँडवरून घ्यायचे, खात्रीने भेटणारे डॉक्टर आधीच हेरून ठेवायचे, दुकानदाराला ‘आज जरा आमचं चांगलं सांगा’ म्हणून विनवायचे. दुकानदार हसतो, पण सांगतो. जेवणाचे बिल कोणी द्यायचे याचेही संकेत आहेत: साहेब देतो, कारण त्याचा भत्ता मोठा, देत नसेल तर त्याची ख्याती जिल्हाभर होते. महिन्या-दोन महिन्यांनी पुण्यात किंवा मुंबईत मीटिंग असते. त्यासाठी सोलापूरकर पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस किंवा रात्रीची सिद्धेश्वर पकडतात. फेब्रुवारी 2023 पासून मुंबईला वंदे भारतही सुरू झाली आहे, पण प्रतिनिधीच्या भत्त्यात तिचे तिकीट सहसा बसत नाही. मीटिंगमध्ये मागच्या महिन्याचे आकडे पडद्यावर लावले जातात आणि ज्याचा आकडा लाल त्याला उभे राहून कारणे द्यावी लागतात. ‘पाऊस झाला नाही, म्हणून पेशंटच नव्हते’ हे कारण त्या सभागृहात कोणीच मान्य करत नाही, जरी मलेरिया-अतिसाराच्या औषधांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरे असते.

घरच्यांच्या वाट्याला या नोकरीचे उरलेसुरले तास येतात. लग्नाची स्थळे पाहताना ‘फिरतीची नोकरी नको’ अशी अट घालणारी कुटुंबे आजही आहेत. शाळेची पालकसभा, गॅस सिलिंडर, सासऱ्यांची तपासणी ही कामे फिरतीवर नसलेल्या जोडीदाराच्या अंगावर पडतात. मात्र एक सवलत मिळते: नातेवाइकांतल्या कोणालाही कोणत्याही गावात चांगला डॉक्टर हवा असेल तर पहिला फोन याला येतो, आणि दोन मिनिटांच्या ओळखीवर तो वेळ मिळवून देतो.

कायद्याने या वर्गाची दखल तशी उशिराच घेतली. विक्री-प्रवर्तन कर्मचारी (सेवाशर्ती) कायदा 1976 मध्ये आला. लेखी नियुक्तिपत्र देणे त्याने बंधनकारक केले आणि कामावर घालवलेल्या काळाच्या किमान एक-अकरांश इतकी पूर्ण पगारी रजा ठरवून दिली. हा माणूस औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे ‘कामगार’ आहे का, हा वाद मात्र चालूच राहिला. 1994 मध्ये सँडोझ कंपनीशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वैद्यकीय प्रतिनिधीचे काम ना अंगमेहनतीचे, ना कारकुनी, ना तांत्रिक, म्हणून तो त्या व्याख्येत बसत नाही असा निर्णय दिला. 1976 चा कायदा होता म्हणूनच या वर्गाला काही संरक्षण उरले. 2020 च्या श्रमसंहितांमध्ये हा कायदा विलीन झाला आणि त्यांतल्या व्याख्येत विक्री-प्रवर्तन कर्मचाऱ्याचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला.

गेल्या काही वर्षांत कामाची हत्यारे बदलली. वहीतल्या रोजच्या अहवालाची जागा मोबाइल अ‍ॅपने घेतली. अनेक कंपन्यांत आता डॉक्टरच्या दवाखान्याचे स्थान अ‍ॅपमध्ये नोंदवलेले असते आणि त्याच्या आसपास उभे राहिल्याशिवाय भेट ‘मार्क’ होत नाही. घरी बसून चार भेटी भरण्याची जुनी सोय त्यामुळे गेली, आणि अहवालात चार भेटी वाढवून लिहिण्याचा तो खेळ गेला हे बरेच झाले. पण दोन भेटींमधले अंतर मॅनेजरला पडद्यावर दिसते, त्याचे कारण दिसत नाही. बारा ते दोन या वेळात हा माणूस कुठे बसला होता असे विचारले जाते; त्या वेळात तो व्हरांड्यात उभा असतो आणि आत सीझर चालू असते.

डॉक्टरच्या दारापर्यंतची वाटही अरुंद होत आहे. औषधविक्रीच्या प्रचारासाठी केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये नवी आचारसंहिता जाहीर केली. तिने डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मज्जाव केला आणि नमुन्यांवर मर्यादा घातल्या: एका औषधाची वर्षाला जास्तीत जास्त 12 नमुना-पाकिटे एका डॉक्टरला, आणि सगळ्या नमुन्यांची किंमत कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या 2 टक्क्यांच्या आत. 2025 मध्ये केंद्र सरकारच्या अखत्यारीतील रुग्णालयांना, प्रतिनिधींना आवारात डॉक्टरांना भेटू देऊ नये, माहिती ई-मेलसारख्या मार्गाने घ्यावी, अशा सूचना देण्यात आल्या. मोठ्या खासगी रुग्णालयांत आधी वेळ ठरवून, गळ्यात पास अडकवून आत जावे लागते. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र कार्ड, बाक आणि दोन पेशंटमागे एक हा क्रम अजून तसाच आहे.

चाळिशीनंतर या नोकरीतून बाहेर पडण्याच्या वाटा साधारण तीन. एक म्हणजे मॅनेजर होणे. त्यात एका जिल्ह्याऐवजी चार जिल्हे फिरावे लागतात. दुसरी औषधाचे दुकान. पण तिथे नोंदणीकृत औषधनिर्माता असावा लागतो, त्यामुळे औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा पदवी असणाऱ्यांनाच ती सोपी जाते. बी.एस्सी. करून या क्षेत्रात आलेले बरेच जण तिसऱ्या, म्हणजे घाऊक विक्रीच्या व्यवसायाकडे वळतात. घाऊक परवान्यासाठी औषधनिर्मात्याखेरीज, औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक पास माणूसही चालतो.